शेवटची नळी

मागच्या महिन्यात मी शेजारणीला दुखवलं. आमच्या जे. पी. नगरच्या घरी रक्त न्यायला बाई येते, ती सकाळी सातला आली होती. शेजारणीलाही तपासणी करायची होती, म्हणून ती आमच्याकडंच येऊन बसली. आमच्या यजमानांनी रीतीप्रमाणं म्हटलं, आधी त्यांचं घ्या, आमचं काय, आम्ही घरचेच. मी त्या रक्तवाल्या बाईचं मनगट धरलं आणि म्हटलं, नाही, आधी आमच्या ह्यांचं. असं काही ठसक्यात म्हटलं की शेजारीण बसल्या जागची उठली. ती गेल्यावर सून मला म्हणाली, असं कुणी वागतं का हो. कुणी वागत नाही, हे मला कळतं. आमच्या माहेरी तर असं कुणी स्वप्नातही वागलं नसतं.

माहेर चिकपेटच्या मागल्या गल्लीत. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. किती पिढ्या झाल्या ते कुणाला धड सांगता येत नाही, पण आमच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की पुण्याकडचं कुणी आलं की गालातल्या गालात हसतं. हसू देत. आम्ही वडलांना अण्णा म्हणायचो, आणि घरातली थोरली म्हणून सगळे मला अक्का म्हणायचे, अण्णासुद्धा. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं न्हाणीघर. एवढंसं घर, पण आठवड्यातून तीन दिवस तरी पाहुणे. कारण साधं होतं. आनेकल, होसूर, कोलार, जिथं म्हणून आमचे नातलग होते, तिथल्या प्रत्येक लग्नाच्या साड्या चिकपेटला घ्यायच्या असत, आणि साड्या चिकपेटला म्हटलं की जेवण आमच्याकडं.

पाहुणे आधी, घरचे मागून, ही रीत सगळ्यांकडंच असते. अण्णांनी ती पार टोकाला नेली होती. पुरुषांची पंगत बसली तरी ते तिच्यात बसायचे नाहीत. पंचा गुंडाळून वाढायला उभे राहायचे आणि सगळे उठल्यावर आईबरोबर, माझ्याबरोबर, खरवडलेल्या भाताला बसायचे. आईनं कधी त्यांच्यासाठी चार वड्या बाजूला काढून ठेवल्या तर तेवढ्या नेमक्या शोधून पाहुण्यांच्या पानात घालायचे. ती चिडली की म्हणायचे, "आधी आलेल्यांना वाढ. घरचं माणूस कुठं पळून जातंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला वाटायचं, आमच्या कुळाचा हाच मंत्र असावा.

अण्णा गावाबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात भट्टी खात्याचे फोरमन होते. पहाटे कारखान्याची बस नाक्यावर यायची. लोखंडाची हत्यारं तापवून, विझवून, पुन्हा तापवून त्यांना कडक करायचं, हे त्यांचं काम. भट्टीला यंत्र बसवलेलं होतं, उष्णता दाखवणारं, पण अण्णांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते रंग बघायचे. तापलेल्या पोलादावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा, असं ते मला सांगायचे, आणि प्रत्येक हत्याराचा रंग ठरलेला. तो दिसला की त्या क्षणी तेलात. मागं कुणी हाक मारली म्हणून वळून बघितलंत तर गेलं हत्यार भंगारात. रंग कुणासाठी थांबत नाही, म्हणायचे. हे ज्ञान त्यांनी त्यांच्या हाताखालच्या माणसांना दिलं, आणि मला दिलं. माझ्या हातात ते टिकलं नाही.

मी शाळा संपवून वर्षभर प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि चिकपेटातच एका डॉक्टरांच्या रक्त तपासायच्या ठिकाणी कामाला लागले. त्रेसष्ट साल असेल. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. डॉक्टर कानडी, परदेशात शिकून आलेले, कमी बोलणारे. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुयांना दगडावर धार लावायची, नळ्या धुवायच्या, हे सगळं माझ्याकडं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या की मुलीच्या जातीनं परक्यांचं रक्त काढत बसायचं हे काही बरं नव्हे. अण्णा उलट छाती काढून सांगायचे की आमची अक्का माणसाच्या आतलं बघते.

त्या काळी रक्तातलं कोलेस्टेरॉल बघणं हे नवीनच होतं. साखर, युरिया हे लोकांना माहीत. कोलेस्टेरॉल म्हटलं की समोरचा माणूस चेहरा कोरा करून बघायचा. डॉक्टर सांगायचे की हे रक्तात फार झालं तर हृदयाच्या नळ्या बुजतात, नाहीतर डोक्यात रक्त अडतं आणि अंग लुळं पडतं. मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. तिनं आपल्यापुरता अर्थ लावला की रक्तात तूप साचतं. फार चूक नव्हती ती.

ही तपासणी रोज होत नसे. तिला लागणारं एक रसायन मुंबईहून यायचं, कधी महिना उशिरा, कधी दोन. वासानं नाकाडोळ्यांत झिणझिण्या यायच्या. ते इतकं जपून वापरायचं की डॉक्टरांनी बाटलीवर पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली होती. म्हणून आठवडाभराचे नमुने साठवायचे आणि गुरुवारी सगळे एकदम लावायचे. रक्तातलं वरचं पिवळं पाणी प्रत्येक नळीत घालायचं, त्यावर ते रसायन, त्यावर तेजाब, आणि नळ्या काळ्या कापडाखाली अंधारात ठेवायच्या. हळूहळू हिरवा रंग चढतो. जितकं कोलेस्टेरॉल जास्त तितका हिरवा गडद. पण तो चढतो तसा उतरतोही. वीस मिनिटांनी, घड्याळ लावून, एकेक नळी यंत्रात घालायची आणि काटा कुठं जातो ते लिहायचं. पहिल्या नळीला तेजाब घातल्यापासून दुसरीला जेवढा वेळ गेला, तेवढाच वाचताना गेला पाहिजे. उशीर झाला की हिरव्यात पिवळट झाक येते, रंग फिका पडतो आणि आकडा कमी येतो. खऱ्यापेक्षा कमी.

पासष्टच्या उन्हाळ्यात अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. आधी त्यांनी ताकास तूर लागू दिला नाही. मग एकदा नाक्यावरून घरापर्यंत येताना दोनदा थांबले, ते आईनं खिडकीतून बघितलं. माझे थोरले काका अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले होते, आणि अण्णांना तेव्हा पन्नासावं लागलं होतं. आई हात धुऊन मागं लागली तेव्हा कुठं ते कारखान्याच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी छातीचा आलेख काढला, तो बरा आला. पण भावाचं कळल्यावर ते म्हणाले, बाहेरून कोलेस्टेरॉल बघून या. अडीचशेच्या वर असेल तर मी तुम्हाला भट्टीवर ठेवणार नाही, टेबलावर बसवीन, हजेरीच्या कामाला. कमी असेल तर चालू द्या.

आमच्या घरात तेव्हा दोन तट पडले. आईला टेबल हवं होतं. तिनं देवापुढं नारळ बोलून ठेवला, टेबलासाठी, म्हणजे खरं तर वाईट रिपोर्टासाठी. अण्णांना टेबल नको होतं. बाविसाव्या वर्षापासून भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस, त्याला खुर्चीत बसून लोकांच्या सह्या मोजायच्या म्हणजे जिवंतपणी तिरडी बांधल्यासारखं वाटलं. ते जेवेनासे झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, अक्का, तू नीट बघ हं. नीट म्हणजे कसं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. ते सरी, ठीक आहे, म्हणाले, तुझ्या वडलांचं मी फुकट करतो, घेऊन ये. गुरुवारी सकाळी अण्णा रजा टाकून, उपाशी पोटी, धुतलेला शर्ट घालून आले. बाकावर आधीच चार जण बसले होते. मी त्यांना आत बोलावलं तर जागचे हलले नाहीत.

"आधी आलेल्यांचं कर," म्हणाले. "मी घरचाच. कुठं पळून जातोय?"

बाकावरचे लोक हसले. मलाही हसू आलं. मी चौघांचं रक्त काढलं आणि शेवटी अण्णांचं काढलं. त्यांच्या हातांच्या शिरा दोरखंडासारख्या जाड, सुई एका झटक्यात गेली. तू फार हलक्या हाताची आहेस, म्हणाले, आणि खालच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेले.

दुपारी मी नळ्या लावल्या. आठवडाभराच्या मिळून अकरा, आणि अण्णांची बारावी. ती शेवटी ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी काढलेलं असो की पाच दिवसांपूर्वी, मी ती पहिली ठेवू शकले असते, मधे ठेवू शकले असते. पण पैसे देऊन आलेले ते पाहुणे, फुकटवाला तो घरचा. हात आपोआप त्या रांगेच्या टोकाला गेला. लहानपणापासून वाढपं करणारा हात तो. त्याला दुसरं काय येणार.

वीस मिनिटं झाली. मी वाचायला लागले. एक, दोन, तीन, काटा बघायचा, लिहायचं. अकरावी वाचून झाली आणि डॉक्टरांनी हाक मारली, स्वल्प, जरा इकडं ये. बाजारातल्या एका मोठ्या रेशीमवाल्याची म्हातारी आई जिना चढून आली होती. धापा टाकत होती, तिचं रक्त ताबडतोब काढायचं होतं. माझ्या हातात बारावी नळी होती. अर्धं मिनिट लागलं असतं. डॉक्टर थांबले असते, म्हातारीही थांबली असती. पण मला वाटलं, ही आपलीच तर आहे. मी ती काळ्या कापडाखाली परत ठेवली आणि गेले.

म्हातारीची शीर सापडेना. एका हातात दोनदा टोचलं, दुसऱ्या हातात एकदा. तिच्या मुलानं मला दोन शब्द सुनावले. मग ती घाबरली, तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. परत आले तेव्हा घड्याळात आणखी वीस मिनिटं गेली होती.

मी कापड उचललं. नळी पिवळट दिसत होती. मला ते दिसलं. कुणी म्हणेल की त्या वयात, त्या घाईत लक्षात आलं नसेल, तर तसं नाही. मी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघितली. मग यंत्रात घातली. आकडा दोनशे पाच आला.

पुन्हा करता आलं असतं. अण्णांच्या रक्ताचं पाणी अजून उरलं होतं. पण मग डॉक्टरांकडं जायचं, बाटलीवरची रेघ खाली सरकवायची, आणि सांगायचं काय, तर फुकटचं काम माझ्या हातून बिघडलं, पुन्हा फुकट करून द्या. माझी जीभ रेटेना. हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. पुरतं खरं असं, की तो आकडा मला आवडला. अण्णांना हवा होता तसाच होता. घरात परत जेवणं सुरू होतील, ते पहाटे शीळ घालत बस पकडायला जातील, एवढंच मला दिसलं. मी वहीत दोनशे पाच लिहिलं, रिपोर्टाच्या कागदावर टाईप केलं, डॉक्टरांनी बाकीच्या अकरांबरोबर सही केली. नळ्या मी धुऊन टाकल्या.

अण्णांनी तो कागद गल्लीभर दाखवला. माझ्या मुलीनं मला पास केलं, म्हणाले. आई हिरमुसली होती, पण मग तीही हसली, कारण वाईट रिपोर्ट मागून घेणारी आपण कसली बायको, असं तिला वाटलं असणार. तिनं देवाला नारळ फोडलाच. दुखणं कळल्यापासून वर ठेवलेला तुपाचा डबा खाली आला. त्या रविवारी तिनं पुरणपोळ्या केल्या, आणि आनेकलहून साड्या घ्यायला आलेल्या मावशांनी पोटभर खाल्ल्यावर अण्णा शेवटी बसले आणि त्यांनी चार खाल्ल्या, वर तुपाची धार धरून. मीच वाढत होते.

दुखणं थांबलं नव्हतं. ते आता मला दिसायला लागलं होतं, कारण मी बघत होते. जेवल्यावर मुठीनं छाती चोळायचे आणि मी बघतेय असं दिसलं की हात खाली घ्यायचे. एकदा मी म्हटलं, अण्णा, पुन्हा एकदा बघू या का रक्त. तर म्हणाले, कशाला, तूच तर बघितलंस ना. मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मग पडवीत कुणीतरी पाहुणे आले आणि ते पाणी आणायला उठले.

दसऱ्याच्या आधी, आयुधपूजेच्या तयारीत कारखान्यात यंत्रांचं धुणंपुसणं चाललं होतं, त्या आठवड्यात ते गेले. पहिली पाळी. भट्टीचं दार उघडून रंग बघत होते, असं त्यांच्या हाताखालच्या माणसानं सांगितलं. दार उघडलं, वाकले, आणि वाकलेले उठले नाहीत. तो म्हणाला की अण्णांनी विझवायची खूण करायला हात वर केला होता. हत्यार तसंच राहिलं. त्यांना कारखान्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना एक्कावन्नावंही लागलं नव्हतं.

त्यापुढचे दिवस मला कुणी विचारू नयेत. धाकटा भाऊ म्हैसूरला शिकत होता, तो आला, त्यानं क्रिया केली. घरात माणसं मावत नव्हती. आणि आई, जी रडायची ती रात्री तोंडात पदर कोंबून, ती दिवसा एक काम करायची. अण्णांच्या रिपोर्टाचा तो कागद तिनं देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला होता. समाचाराला येईल त्याच्यासमोर ती तो उलगडायची. बघा, म्हणायची, अक्कानं स्वतः तपासलं होतं. काही म्हणजे काही नव्हतं त्यांना. आम्ही कशात कमी पडलो नाही हो, आयुष्याची दोरीच तेवढी होती. येणारे कागद हातात घ्यायचे, त्यातलं कुणाला काही कळायचं नाही, पण मान हलवायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, पोरीनं केलं हो बापाचं. एकदा नाही, दिवसातून दहादा. मला वाटायचं की धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण चिकपेटची धरणी, तिच्यावर इतकी दुकानं, ती कुठली दुभंगते.

तेरावा झाल्यावर मी कामावर गेले. पहिला गुरुवार आला. नळ्या लावल्या, वेळेवर वाचल्या, आकडे लिहिले. मग मी त्या धुतल्या नाहीत. काळं कापड पुन्हा घातलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं बसून राहिले. कापड काढून सगळ्या परत वाचल्या. प्रत्येक आकडा खाली आला होता. कुठं चाळीसनं, कुठं साठनं, एका ठिकाणी सत्तरनं. मी वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिक मांडलं. शाळकरी पोरालाही जमेल असं ते गणित होतं. अण्णांचे दोनशे पाच म्हणजे वेळेवर वाचले असते तर अडीचशेच्या पलीकडं गेले असते. फार पलीकडं नाही. टेबलावर बसवण्यापुरते.

मी ते पान घेऊन डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते मला काढून टाकतील, आणि काढलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पान बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले की आकडा हा एकच पुरावा असतो, चांगल्या आकड्याची माणसं मरतात आणि वाईट आकड्याची नव्वदीला पोचतात. टेबलावर बसूनही ते गेले असते, कदाचित. ते कदाचित त्यांनी इंग्रजीत म्हटलं. शेवटी एवढंच म्हणाले की तू मला त्याच दिवशी सांगायला हवं होतंस. रेघेची भीती मी घातली, ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी बाटलीवरची रेघ पुसलेली होती. मला त्यानं काही बरं वाटलं नाही.

आईला सांगायला मला आणखी दहा दिवस लागले. समाचाराचे लोक कमी झाले होते तरी कागद पोथीतच होता. महिन्याच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी एक लांबचे काका आले आणि आई तो आणायला उठली. मी तिला आडवी आले. काकांना चहा देऊन वाटेला लावलं, दार ओढून घेतलं आणि सांगितलं. नळीचं, म्हातारीचं, पिवळ्या रंगाचं, दोनशे पाचाचं. आवडला होता तो आकडा, हेही सांगितलं. हेच सांगायला सगळ्यांत जड गेलं.

आई जात्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर मी मार खात उभी राहिले असते. तिनं एवढंच विचारलं, की त्यांची नळी शेवटी का ठेवलीस. मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं होतं, माझं शेवटी कर.

"ते सांगायचेच," आई म्हणाली. "आपण ऐकायचं नसतं. मीही सव्वीस वर्षं ऐकलं."

मग ती बोलत राहिली, माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी. कितीदा भात संपलेला असायचा आणि ते ताकावर उठायचे. कितीदा तिला कळत होतं की पाहुण्याच्या पानात गेलेली वडी परत मागता आली असती. थोरले काका गेले तेव्हाही अण्णांची छाती आधी डॉक्टरला दाखवायची सोडून तिनं काकूला दवाखान्यात नेलं, कारण काकू पाहुणी. तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. पुढं चोवीस वर्षं ती माझ्याजवळ राहिली, तरी नाही. त्या संध्याकाळी तिनं पोथीतून कागद काढला, चुलीत घातला, आणि जळेपर्यंत तिथंच बसली. त्यानंतर कुणी विचारलं की तिनं म्हणावं, दुखत होतं हो त्यांच्या छातीत, आम्ही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध. भाऊ आतल्या खोलीत गुरुजींसमोर बसला होता. पडवीत बारा-पंधरा माणसं जेवायची होती, त्यांत कारखान्यातली दोघं, आनेकलच्या मावशा, उन्हातून आलेले, भुकेजलेले. मी भाताचं पातेलं उचलून सवयीनं पडवीकडं वळले. पाय त्याच वाटेनं निघाले होते. आईनं मागून माझा पदर धरला.

आत, कोपऱ्यात, अण्णांच्या नावानं केळीचं एक पान मांडलेलं होतं. रिकामं. मेलेल्याला वाढल्याशिवाय कुणाच्या पानात शीत पडत नाही, हे मला ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. त्या माणसाला आमच्या घरात आधी वाढायचं, तर त्याला मरावं लागलं.

"आधी त्यांना वाढ," आई म्हणाली.

मी खाली बसले. भात वाढला, वरण घातलं, चार वड्या ठेवल्या, तूप घातलं. पडवीत माणसं थांबली होती. आईनं त्यांना थांबू दिलं.